मंगलाष्टकं ते ऊरुभंग: साडेसहा महिन्यांची तालीम

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या हौशी संस्थेच्या बैठकीत ठरलं की यंदा संस्कृत नाट्यस्पर्धेत उतरायचं. नाटक प्राचीन संस्कृत नाटककार भासाचं ‘ऊरुभङ्गम्’. दिग्दर्शक दादा माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, उच्चार आणि हालचाली तू घे.” मी शाळेत मराठी शिकवते, वीसेक वर्षं नाटकात लुडबुड करते, पण माझं संस्कृत म्हणजे दहावीला घेतलेलं शंभर मार्कांचं, त्यानंतर थेट अथर्वशीर्ष. नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. ११ जानेवारीला प्रयोग झाला. मधल्या दिवसांत ज्या गोष्टी कुणीतरी आधी सांगायला हव्या होत्या असं वाटत राहिलं, त्या इथे लिहून ठेवते.

नाटक एकांकी आहे. भीमाच्या गदेने मांड्या मोडलेला दुर्योधन रणभूमीवर पडलाय. त्याला भेटायला धृतराष्ट्र-गांधारी येतात, दोन राण्या येतात, त्याचा लहानगा मुलगा दुर्जय येतो. बलराम संतापाने पेटलेला, शेवटी अश्वत्थामाही येतो. गदायुद्ध रंगमंचावर घडत नाही. तीन भट (म्हणजे सैनिक) ते बघतात आणि श्लोकांतून सांगतात. म्हणजे प्रेक्षकांना जे काही दिसायचं ते नटाच्या तोंडून आणि डोळ्यांतून. हे वाचायला सोपं वाटलं होतं.

आधी कागदपत्रांचं, कारण ते लोक शेवटाला ठेवतात. सार्वजनिक प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, मग नाटक दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं का असेना. आम्ही २० जुलैला संहिता पाठवली, प्रमाणपत्र हातात यायला पाच आठवडे लागले. काटछाट आधी करून घ्या आणि मगच संहिता पाठवा. आम्ही घाईत पूर्ण संहिता टाइप करून घेतली, नंतर भटांचे काही श्लोक गाळायचं ठरलं आणि टायपिंग पुन्हा. प्रवेशिकेत एक रकाना होता, लेखकाच्या संमतिपत्राचा. आमच्या खजिनदार काकांनी फोन करून अतिशय गंभीरपणे विचारलं, “भासाची सही कुठून आणायची?” पलीकडचे गृहस्थ खो-खो हसले आणि म्हणाले, ‘लागू नाही’ लिहा. कुणाचा आधुनिक अनुवाद किंवा रूपांतर घेणार असाल तर मात्र परवानगी खरोखरच लागते, आणि ती मिळवायला वेळ जातो.

१ जुलैला तालीम सुरू झाली. एका शाळेचा वर्ग संध्याकाळी सात ते साडेनऊ, भाडं रोजचे २०० रुपये. आठवड्यातून तीन दिवस. मी वेळापत्रक केलं: सोमवार-बुधवार आवाज, शनिवार हालचाली. वहीत ते फार शहाण्यासारखं दिसत होतं. पुढचे दोन महिने वाया गेले ते याच वेळापत्रकामुळे, पण ते नंतर.

पहिल्या सोमवारी सूत्रधाराने सुरुवातीचा श्लोक म्हटला, ‘भीष्मद्रोणतटां जयद्रथजलां’. युद्धाच्या नदीचं वर्णन आहे, भीष्म-द्रोण हे तिचे काठ, जयद्रथ पाणी. वृत्त शार्दूलविक्रीडित. आणि मराठी माणसाने शार्दूलविक्रीडित आयुष्यात सगळ्यात जास्त कुठे ऐकलेलं असतं? मांडवात. दुसऱ्या चरणाला मागून कुणीतरी ‘शुभमंगल सावधान’ म्हटलं आणि अश्वत्थाम्याने खिशातल्या शेंगदाण्यांच्या अक्षता टाकल्या. हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ही गंमत नाही, हाच आपला प्रश्न आहे. आम्हा सगळ्यांना वृत्तं येतात ती चालीसकट. भुजंगप्रयात म्हटलं की मनाचे श्लोक, वसंततिलका म्हटलं की शाळेतली प्रार्थना. चाल लागली की तोंड आपोआप चालतं आणि डोकं बंद पडतं. आपल्या रंगभूमीने या सवयीला खतपाणीही घातलंय. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल आणलं ते श्लोकांची पदं करूनच. गाणं आलं की आपला प्रेक्षक खूश, नटही खूश.

चाल काढायला जावं तर उलटं झालं. श्लोक गद्यासारखे सपाट झाले, वृत्त कुठल्या कुठे गेलं. मग मी एका निवृत्त संस्कृत शिक्षिकेकडे गेले. वय ७४, सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं. मानधन घेणार नाही म्हणाल्या, रिक्षाभाडं घेईन. दर बुधवारी येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी पाऊण तास डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, “हे सगळे मराठीत संस्कृत बोलतायत.”

म्हणजे काय ते त्यांनी एकेकाला धरून दाखवलं. ‘आणि’ या अर्थाचा संस्कृत ‘च’ आमची पोरं ‘तूच’, ‘मीच’मधल्या ‘च’सारखा म्हणत होती. तो ‘चहा’तला हवा. ऋ सगळीकडे ‘रु’ होत होता. शब्दाच्या शेवटचा अ आपण गिळतो, ‘राम’चं ‘राम्’ करतो. संस्कृतात तो अर्धा गिळला तरी एक अक्षर कमी पडतं आणि चरण लंगडतो. सगळ्यात लपून बसलेली खोड म्हणजे शेवटचे ऱ्हस्व इ-उ. मराठी लेखनाच्या नियमाने ते दीर्घ होतात आणि आपली जीभही त्यांना दीर्घच करते. ‘अद्यप्रभृति नास्तीदं’ या चरणात ‘ति’ पाचवं अक्षर. अनुष्टुभ वृत्तात पाचवं अक्षर लघू, म्हणजे ऱ्हस्व लागतं. आमचा दुर्योधन ‘प्रभ्रुती’ म्हणायचा. एका शब्दात दोन चुका, आणि दोन्ही अस्सल मराठी.

बाईंनी दिलेल्या दोन सूचना लाख मोलाच्या. पहिली: प्रत्येकाने संहितेच्या दोन प्रती ठेवायच्या. एकीत संधी सोडवलेले शब्द, अर्थासाठी. दुसरीत मूळ श्लोक, वर पेन्सिलीने लघु-गुरूच्या खुणा, पाठांतरासाठी. संधी सोडवून पाठ केलेला श्लोक पुन्हा जोडता येत नाही, आमच्या एका भटाचं तेच झालं. (झेरॉक्सचे ६४० रुपये झाले.) दुसरी: मोबाइलवर नमुना रेकॉर्ड करताना मुद्दाम बेचाल म्हणायचं. चालीवरची क्लिप एकदा कानात बसली की महिनाभर निघत नाही.

शनिवारी हालचाली. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या मराठी भाषांतरात वाचून मी चारी (पायांच्या हालचाली), गती (चालण्याच्या ढबी), परिक्रमा असं काय काय करून घेत होते. परिक्रमा मात्र खरंच उपयोगी पडली. संहितेत ‘परिक्रम्य’ एवढाच शब्द असतो, नट रंगमंचावर एक फेरी घेतो आणि जागा बदलते, पडदा नको की सेट नको. पण ती फेरी बागेतल्या वॉकसारखी घेतली तर काहीच बदलत नाही. निघताना एक नजर आणि थांबताना दुसरी, असं असावं लागतं. तिन्ही भटांचे डोळे तीन दिशांना जायचे. श्लोकातला मेलेला हत्ती एकाला खिडकीत दिसायचा, एकाला पंख्यावर. शेवटी मागच्या बाकावर एक प्लास्टिकची बादली ठेवली. हत्ती तिथे. निळ्या बादलीकडे बघून ते तिघं इतकं घाबरायला लागले की झाडायला येणाऱ्या मावशी एक दिवस आत डोकावून बादलीत काय आहे ते बघून गेल्या.

गणपतीनंतर, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पहिल्यांदा दोन्ही एकत्र केलं. श्लोक आणि हालचाल. सगळं कोसळलं. चालताना श्लोक पुन्हा मांडवात जायचा, श्लोक सांभाळला तर माणूस खांबासारखा उभा. बलरामाने त्या दिवशी संतापाच्या प्रवेशात इतका आवाज लावला की दुसऱ्या दिवशी घशातून फुसकं वारं. चूक माझी होती. त्याला मी पट्टी न बघता खर्ज लावायला सांगितला होता, आणि खर्जातून तो सरळ ओरडण्यावर जात होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ७०० रुपये घेऊन दहा दिवस पूर्ण मौन सांगितलं. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्याने घशावर ताण येतो म्हणाले. त्या रात्री मी दादांना फोन करून सांगितलं की मला हे जमत नाहीये. ते म्हणाले, “बरं. सोमवारी ये.”

सोमवारी बलराम आला, पाटीवर लिहून दाखवलं: मी काय करू? त्याला रिकामं बसवायला नको म्हणून म्हटलं, तुझे श्लोक चालून दाखव. गुरूला पूर्ण पाऊल, लघूला चवडा. बोलायचं नाही. तो वर्गाच्या कडेने चालत राहिला, बाकीची तालीम चालू. यतीला, म्हणजे चरणातल्या विरामाला थांबायचा, श्वास घ्यायचा, पुढे. दहा दिवस हेच. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली आणि त्याने हळू आवाजात पहिला श्लोक म्हटला. चाल नव्हती. सपाटही नव्हता. वृत्त होतं, आणि माणूस चिडलेला होता. बाई मान हलवत राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत.

त्या दिवशी वेळापत्रक फाडलं. यापुढे बसून पाठांतर बंद. प्रत्येकाने आपला श्लोक आधी पायांनी म्हणायचा, मग पाय आणि ओठ, मग पाय थांबवून. शेवटच्या टप्प्यात पाय थांबलेले असतात, पण ठेका अंगात राहतो आणि आवाज मोकळा होतो. दमसासही यानेच वाढला. शार्दूलविक्रीडिताला बारा अक्षरांनंतर यती, मग सात. चालताना त्या जागी श्वास घेतला नाही तर पाऊलच पडत नाही, त्यामुळे भलत्या ठिकाणी श्वास घ्यायची सवय आपोआप सुटली. आवाजासाठी मी फक्त एक व्यायाम ठेवला, तोही नाट्यशास्त्रातला: लांबच्याशी बोलताना शिर, फार लांब नसलेल्याशी कंठ, जवळच्याशी उर. वर्गाच्या तीन कोपऱ्यांत तीन माणसं उभी करून एकच ओळ तिघांना म्हणायची. साधा आहे, पण पहिल्या दिवसापासून करून घ्यायला हवा होता.

उरला दुर्योधन. हा नट आमच्यातला सगळ्यात तयारीचा, आणि त्याचंच घोडं अडलेलं. प्रवेशाच्या श्लोकातच तो म्हणतो की मी माझा अर्धमेला देह हातांनी जमिनीवरून ओढत नेतोय. म्हणजे हालचाल श्लोकातच लिहिलेली. तो कोपरांवर सरकत यायचा, गुडघे आपोआप वापरायचा, आणि ओढताना बोलायचा. आवाज पिळवटलेला, शब्द अर्धे. मांड्या मोडलेला माणूस वाटतच नव्हता, कॉटखाली चप्पल शोधणारा वाटायचा.

ऑक्टोबरात आम्ही त्याला मागच्या गल्लीतल्या तालमीत नेलं. (मराठीत नाटकाची आणि कुस्तीची, दोन्ही तालीमच. या योगायोगाचा फायदा घ्यायचं आम्हाला चार महिने सुचलं नाही.) वस्ताद सत्तरीचे. नाटकाची गोष्ट ऐकून घेतली, भीमाने नियम मोडला म्हटल्यावर नाराज झाले. मग पटक्याने याचे घोटे आणि गुडघे एकत्र बांधले आणि म्हणाले, “आता जा हौद्याच्या त्या टोकाला.” लाल मातीत तो हातांवर सरकू लागला. वस्ताद बाजूने चालत होते. “पाय ओढू नकोस. पाय मेले. कंबर ओढ, पाय मागनं येतील.” आणि खरंच, कंबर पुढे गेली की पाय क्षणभर उशिरा, जड, स्वतःचे नसल्यासारखे यायला लागले. त्या उशिरानेच अंगावर काटा आला. दोन फेऱ्या झाल्यावर त्यांनी विचारलं, “बोलतोस कधी?” तो म्हणाला, ओढताना. “ओढताना बोलतो होय कुणी? जोर मारताना बोलून बघ.”

मग क्रम असा बसवला. हात पुढे टाकताना श्वास आत. तळवा टेकला की बोलायचं, सरळ हातांवर भार तोलून, अकरा अक्षरांचा पूर्ण चरण. चरण संपला की मुकाट्याने ओढायचं. पहिला चरण ‘भीमेन’ने सुरू होतो, पहिलंच अक्षर गुरू, त्यावर तळवा आपटतो. तिसरा ‘भूमौ’, पुन्हा गुरू, आणि भूमी म्हणताना हात भूमीवर. पण वृत्त उपजाती आहे, आणि दुसरा चरण लघूने सुरू होतो: ‘गदा’. ‘ग’ला हात टेकत नव्हता, ‘दा’वर टेकायचा. बघणाऱ्याला वाटायचं हात घसरला. आम्ही दोन दिवस ती चूक म्हणून दुरुस्त करत होतो. मग दादांनीच सांगितलं, राहू दे. चारांतल्या याच चरणात गदा आहे, तिथेच त्याचा हात चुकतोय. हे भासाने मुद्दाम केलं असेल असा माझा दावा नाही. पण श्लोक पायांनी आणि हातांनी म्हटल्याशिवाय ही जागा आम्हाला सापडली नसती एवढं खरं.

मनगटांवर ताण येतो. फिजिओथेरपिस्टकडे दोन खेपा, हजार रुपये. कोपर आणि मनगटांचे पट्टे, गुडघ्यांचे पॅड, चार जणांचे मिळून १,४००. हे पहिल्या महिन्यातच घ्या, दुखायला लागल्यावर नको.

दुर्जयाचा प्रवेश दिवाळीनंतर उभा राहिला. ते काम करणारा मुलगा दहा वर्षांचा, आमच्या दुर्योधन झालेल्या नटाचाच भाचा. नाटकात दुर्जय सवयीने मांडीवर बसायला जातो, वडील अडवतात, का म्हणून विचारतो. उत्तर अनुष्टुभात आहे: तुझी ही ओळखीची जागा सोड आणि कुठेही बस, आजपासून हे आसन नाही. आमचा दुर्योधन हे म्हणताना रडायचा, आवाज थरथरवायचा. बाईंनी थांबवलं. “हे तू आम्हाला सांगतोयस. लेकराला सांग. मराठीत सांग आधी.” तो गप्प बसला. मग मुलाचं मनगट धरून अगदी साध्या आवाजात म्हणाला, “इथं नाही रे बाळा. दुसरीकडं बस कुठंपण.” बाई म्हणाल्या, आता तेच संस्कृतात, आणि ‘ति’ ऱ्हस्व. त्याने म्हटलं. उरातून आलेला लहान आवाज. ‘ति’ ऱ्हस्व राहिला, कारण ओढून म्हणायला त्याच्याकडे दमच नव्हता. मुलगा थोडा बाजूला सरकून जमिनीवर बसला, हे कुणी सांगितलं नव्हतं. काकु काकु म्हणतात ती हीच असावी, आवाजातून कळणारा हेतू. मी त्यावर टिपणं काढली होती, ती कामाला आली नाहीत.

राण्यांची वाक्यं प्राकृतात आहेत. बरीच मंडळी खाली छापलेली संस्कृत छाया, म्हणजे त्यांचं संस्कृत रूप, बोलतात. आम्ही प्राकृतच ठेवलं, दोघींच्या जिभेला ते संस्कृतापेक्षा लवकर रुळलं.

डिसेंबरात पखवाजवाले दादा पाच तालमींना आले, हजार रुपये एका तालमीचे. त्यांनी पहिल्यांदा प्रत्येक अक्षरावर वाजवलं आणि श्लोक परत चालीवर गेले. मग फक्त परिक्रमेला आणि चरणांच्या मधल्या जागेत वाजवायचं ठरलं. नाट्यशास्त्रातलं मध्यम नाट्यगृह ६४ बाय ३२ हातांचं. फार मोठं बांधलं तर शब्द नीट ऐकू येत नाहीत, हे तिथे लिहूनच ठेवलंय. आम्हाला मिळालेलं त्याच्या कितीतरी मोठं, त्यामुळे माइक आले. १० जानेवारीच्या रंगीत तालमीत कळलं की जमिनीवरचे माइक दुर्योधनाच्या सरकण्याचा आवाज ट्रक रिव्हर्स घेतल्यासारखा उचलतायत. मधला माइक बंद केला, खाली जुनी सतरंजी घातली. सरकायचं, पडायचं काम असेल तर ध्वनीवाल्यांना आधी भेटा.

तालमींचा हिशोब: वर्गाचं भाडं ६२ संध्याकाळचं १२,४००, पखवाज ५,०००, बाईंची रिक्षा ३,२००, आणि वरची किरकोळ धरून २४,३४० रुपये. नेपथ्य, वेशभूषा, प्रवास वेगळा.

प्रयोगात सूत्रधार ‘ह्रदां’ला अडखळला. तीन भटांपैकी एकाची नजर हत्तीवरून ढळली, कारण हत्तीच्या जागी तिसऱ्या रांगेत त्याची आई बसली होती. निकालात आमचं नाव नव्हतं.

वस्ताद आले होते, पहिल्या रांगेत, पटका बांधून. संस्कृतातलं अक्षरही कळलं नाही म्हणाले. प्रयोगानंतर विंगेत आले, दुर्योधनाच्या पाठीवर थाप मारली आणि त्याचा डावा खांदा दाबून बघितला. “सगळा भार यावर टाकतोयस. उद्या सकाळी ये, तेल घेऊन.” तो गेला. अजून जातोय.